सिमेंट रस्त्यातले गड्डे

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "नगरपरिषदेत एवढी वर्षं काढलीत, काही गमतीजमती लिहा." गमती पुष्कळ आहेत. लग्नाच्या पंगतीत मी त्या सांगतो आणि लोकांचा घास अडकेपर्यंत त्यांना हसवतो. पण लिहायला बसलो की कुठूनही सुरुवात करा, मी फिरून फिरून विणकरांच्या गल्लीतच येऊन उभा राहतो. तीन वेळा कागद फाडला. शेवटी म्हटलं, तिथलंच लिहू. ज्यांना हसायचं आहे त्यांची सुरुवातीला थोडी सोय केली आहे, पुढे मात्र माझा नाइलाज आहे.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान नगरपरिषदेत अभियंता होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील आणि बाकीच्यांना त्याचं काही करायचं नाही. हुद्दा बदलत गेला तरी गावातली जुनी माणसं मला शेवटपर्यंत ‘ओवरसियर साहेब’च म्हणत. मूळचा मी नाकाडोंगरीकडचा, घरी धानाची शेती. ही गोष्टही लक्षात ठेवा, पुढे ती माझ्याच अंगावर येणार आहे.

लोकांना वाटतं, सरकार गरिबाला घर देतं म्हणजे घर देतं, संपलं. तसं नसतं. घराचा पैसा वेगळा, तो ज्याचं घर त्याच्या खात्यात टप्प्याटप्प्यानं जातो. त्या घरापर्यंत जाणारा रस्ता, सांडपाण्याची नाली, नळाची लाइन, खांबावरचा दिवा, यांसाठी निराळं अनुदान येतं, ते नगरपरिषदेला मिळतं. माझा संबंध या दुसऱ्या पैशाशी. घर कितीही चांगलं बांधा, हा दुसरा पैसा आला नाही तर त्या घरात माणूस राहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

झालं असं, की पूर्वी आम्ही गावाबाहेर, धानाच्या बांध्यांच्या पलीकडे, एक घरकुल वसाहत बांधली. तिकडे जमीन फुकटात होती म्हणून. घरं बरी होती, पण नळ नाही, दिवा नाही, पावसात चिखल असा की चप्पल आत राहायची आणि पाय बाहेर यायचा. बाया म्हणाल्या, "तिकडं कोन राह्यल जी, कोल्हे?" कोल्हे नाही राहिले, बकऱ्या राहिल्या. वरचे साहेब पाहणीला आले आणि एका घराचं दार ढकललं, तर आतून एक दाढीवाला बोकड बाहेर आला, साहेबांकडे नीट पाहिलं आणि परत आत गेला. "लाभार्थी घरीच हाये साहेब," आमचा शिपाई म्हणाला. त्याला मेमो मिळाला, पण बोलला ते खरं होतं.

त्या बोकडाची दखल वर कुठेतरी घेतली गेली असावी. कारण नंतर जी योजना आली तिची अटच अशी होती, की घरं गावाच्या पोटात बांधा. जुन्या वस्तीत घरांच्या मधे जे रिकामे तुकडे पडलेले असतात ते शोधा, तिथे लहान लहान घरं बसवा, मग त्या वस्तीच्या रस्त्या-नालीचं अनुदान घ्या. घरं नाहीत तर अनुदान नाही. यात माणसाचा रोजगार सुटत नाही, पोरांची शाळा सुटत नाही, दवाखाना हाकेवर राहतो. मला ही योजना मनापासून आवडली. आजही आवडते. पुढचं वाचून कोणी म्हणेल की योजना वाईट होती, म्हणून आधीच सांगून ठेवतो. योजना चांगली होती.

काम मजेचंही होतं. घर बांधताना दर टप्प्याला मालकाला घरासमोर उभं करून मोबाइलवर फोटो काढावा लागतो. जोतं झालं, एक फोटो. भिंती झाल्या, दुसरा. फोटोत माणूस आणि बांधकाम दोन्ही दिसायला हवं, त्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. एक काकू दर वेळी नवं लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून उभ्या राहायच्या. स्लॅबच्या फोटोला त्यांनी सगळ्या नणंदा गोळा केल्या. फोटोत नणंदा दिसल्या, स्लॅब दिसेना. हप्ता अडकला आणि काकूंनी त्याचं खापर नणंदांवर फोडलं. दुसऱ्या एका गल्लीत दोन सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. नाली दोघांनाही हवी होती, पण भावाच्या बाजूनं. मी कंटाळून ती मधोमध नेली, तर दोघे एक होऊन, एकाच मोटारसायकलवर बसून, माझी तक्रार करायला आले. ती भाऊबंदकी मी मिटवली असं मी अजून सांगत फिरतो.

सोय झाली. आता गल्लीत येतो.

रिकामा तुकडा कसा शोधतात ते आधी सांगायला हवं. नझूलचा नकाशा घ्यायचा. नझूल म्हणजे गावातली सरकारी जमीन. नकाशावर मोकळं दिसेल तिथे प्रत्यक्ष जायचं, टेप लावायचा, फोटो काढायचा. आता प्रत्यक्ष जायचं म्हणजे कधी? कार्यालय उघडायचं दहाच्या सुमारास. मग हजेरी, चहा, कालच्या नळाच्या तक्रारी, पुन्हा चहा. टेप आणि मिस्त्री सापडेपर्यंत अकरा वाजून जायचे. उन्हाळ्यात आम्ही त्याबद्दल स्वतःचं कौतुकही करायचो, की बघा, एवढ्या उन्हात फिरतो.

विणकरांची गल्ली अशाच एका भर उन्हात पाहिली. घरांच्या दोन रांगा, मधे कच्चा रस्ता आणि त्याच्या कडेनं लांबच लांब, चिंचोळी पट्टी. नकाशावर सरकारी, डोळ्यांना मोकळी. आमच्या गावात रिकामी जागा म्हणजे उकिरडा, डुकरं आणि बेशरमाची झुडपं. ही पट्टी मात्र झाडून लख्ख, वर शेणाचा सडा. मला एवढा आनंद झाला की मी मिस्त्रीला चहा पाजला. पट्टीच्या दोन्ही टोकांना जमिनीत भोकं होती, मनगटाएवढी रुंद, ओळीनं. "हे कायचे गड्डे हायेत साहेब?" मिस्त्रीनं विचारलं. "मंडपाचे असतील," मी म्हणालो, "देवी बसवत असतील इथे." फोटो काढला, त्याच्याखाली ‘रिकामी जागा’ असं टाकलं आणि निघालो. कोणाच्या मालकीची नसलेली जागा रोज सडासारवण करून कोण ठेवतं, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही.

प्रस्ताव गेला. हरकती मागवणारी नोटीस रीतसर कार्यालयाच्या फळ्यावर लागली. हरकत आली नाही. मंजुरी आली. मग एका सकाळी, सकाळी म्हणजे आमच्या सकाळी, आम्ही पट्टीवर चुन्याच्या रेघा मारायला गेलो, तेव्हा बाजूच्या घरातून देवाजी बाहेर आला. साठीच्या पुढचा, बारीक अंगाचा विणकर. मागून त्याची बायको कौसाबाई. दोघांच्या हातांना सुताला लावतात त्या कांजीचा आंबूस वास होता.

"साहेब, हा चुना कायले टाकून राहिले जी?"

"घरं होणार इथे. रस्ता, नाली, नळ, सगळं होणार."

"कोनाचे घरं?"

मी नावं सांगितली. त्यात शेवंताबाईचं नाव होतं. शेवंताबाई बिड्या वळणारी, नवरा वारलेला, पलीकडच्या आळीत भाड्याच्या खोलीत राहायची. कौसाबाई लगेच म्हणाली, "बरं झालं बाई. पानी आलं का तिच्या खोलीत पाय ठेवाले जागा नाई राहत. सारे तेंदूपान वले होतेत." देवाजीनंही मान हलवली. मग तो रेघांकडे पाहत हळूच म्हणाला, "पन मंग आमी पाजनी कुठं करावं जी?"

पाजणी म्हणजे काय, ते त्या दोघांनी मला तिथे उभ्या उभ्या समजावलं आणि मी ते अर्ध्या कानानं ऐकलं. कापडातले लांबीचे उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर चढवण्याआधी पूर्ण लांबीनं ताणून धरतात. दोन्ही टोकांना खुंटे रोवायचे, मधे ताणा बांधायचा, आणि दोन्ही अंगांनी माणसांनी कांजी लावत, कुंच्यानं धागे विंचरत जायचं. कांजी नीट बसली नाही तर धागा मागावर टिकत नाही. उन्हात ती भराभर वाळते आणि धागे एकमेकांना चिकटतात, म्हणून हे काम उजाडताना सुरू होतं आणि ऊन चढायच्या आत संपतं. मग खुंटे उपटायचे, जागा झाडायची आणि ज्यानं त्यानं आपापल्या मागावर बसायचं. आम्ही पोचायचो तोपर्यंत सगळं आवरलेलं असायचं.

तयार ताणा व्यापाऱ्याकडे मिळतो. पण त्याचा ताणा घेतला की कापडही त्याचंच, विणणारा नुसता मजूर. गल्लीतल्या बहुतेकांनी ते केव्हाच पत्करलं होतं. स्वतःचा ताणा स्वतः पाजून स्वतःचं लुगडं विणणारा देवाजी आणि आणखी एखाददुसरं घर, एवढेच उरले होते. देवाजीला ती पट्टी गेली तर काय जाणार होतं, हे त्यानं मला सांगितलं. कळलं नाही असं मला म्हणता येणार नाही.

"अर्धी पट्टी तं ठेवा," तो म्हणाला.

"नाही जमत हो. घरं मंजूर झाली आहेत. रस्त्यावर करा ना पाजणी. तुमच्याच दारात स्वच्छ सिमेंटचा रस्ता होणार आहे."

"सिमेंटात खुटा कसा रोवावं जी?" त्यानं विचारलं, आणि मग त्यालाच सुचलं. "मंग असं करा साहेब, रोडात गड्डे ठेवजा. दोन टोकाले. आमी झाकन लावून ठेवू, कोनाचा पाय नाई जानार."

मी हसलो. म्हणालो, "नव्या रस्त्याला मीच भोकं पाडू? तपासणीवाले मला उभ्यानं त्याच भोकात गाडतील." मिस्त्री हसला. साहेबांनी विनोद केला म्हणून देवाजीही हसला. कौसाबाई तेवढी हसली नाही.

त्या हसण्याची मला लाज वाटते. जागा चुकीची ठरवली, तो एक भाग झाला. माणूस चुकतो. पण त्याच महिन्यात आम्ही चौकातला रस्ता केला होता आणि त्यात देवीच्या मंडपासाठी लोखंडी पाइपाचे तुकडे उभे पुरून ठेवले होते, वर झाकणांसकट. कुणीतरी वजनदार माणसानं नुसतं तोंडी सांगितलं होतं, "साहेब, मंडपाची सोय करा," आणि मी केली होती. तपासणीवाल्यांनी ती झाकणं पाहिली आणि पुढे गेले. म्हणजे देवाजी मागत होता ते होण्यासारखं होतं, मी ते नुकतंच करून आलो होतो, आणि तरी हसलो. दोन माणसांतलं एक वजनदार होतं आणि दुसऱ्याच्या हाताला कांजीचा वास होता, एवढाच फरक.

आणि मी शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या गावी धान चुरायचं खळं वर्षातले बहुतेक दिवस रिकामंच असतं. त्यावर ढोरं बसतात, पोरं खेळतात. पण ते रिकामं आहे म्हणून तिथे कोणी झोपडीही टाकत नाही, कारण ते कशासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या वडिलांना कोणी म्हटलं असतं, की तुमचं खळं मोकळं दिसतं, तिथे घर बांधतो, तर वडिलांनी त्याला वेड्यात काढलं असतं. हे सगळं मला आता सुचतं. तेव्हा माझ्या हातात टेप होता.

घरं झाली. मला त्यांचा अभिमान आहे, तोही लिहितो, नाहीतर हे खोटं होईल. शेवंताबाईच्या घरभरणीला मी गेलो होतो. भिंतीला ओल नाही, डोक्यावर पक्का स्लॅब, दारात नळ. तिनं तीनतीनदा नळ सोडून दाखवला आणि तेंदूपानांची पोती कुठे ठेवणार ती कोरडी जागा दाखवली. देवाजी आणि कौसाबाईही पंगतीत होते. देवाजी माझ्या शेजारीच बसला आणि मला आग्रह करकरून बुंदी घ्यायला लावली.

रस्ता झाल्यावर त्यानं काय काय करून पाहिलं, ते मला मिस्त्रीकडून कळत असे. आधी वाळूनं भरलेले पिंप दोन टोकांना ठेवून त्यांना ताणा बांधला. ताणा ओला झाला की त्याची ओढ वाढते. पिंप सरकत सरकत मधे आले. मग शेवंताबाईनं स्वतःहून सांगितलं, "माह्या खिडकीच्या गजाले बांधा भाऊ." बांधला. गज चौकटीसकट हलला आणि नव्या भिंतीला तडा गेला. देवाजीनं परत तिच्या खिडकीला हात लावला नाही. मिस्त्री हे रंगवून सांगायचा आणि मी ऐकून घ्यायचो. एकदाही मी उठून तिकडे गेलो नाही.

मग तक्रार आली. विणकरांच्या गल्लीत कोणीतरी नवा रस्ता फोडला आहे, मोटारसायकलचं चाक अडकतं. नेमकं दुसऱ्या दिवशी नागपूरहून तपासणीचं पथक यायचं होतं आणि त्यांच्या शेऱ्यावर अनुदानाचा शेवटचा हप्ता ठरणार होता. तो अडकला असता तर दोन आळ्यांतल्या नाल्या अर्धवट राहिल्या असत्या. मुख्याधिकारी म्हणाले, "ते यायच्या आत बुजवा. आणि ज्यानं फोडला त्याला नोटीस द्या, म्हणजे आपण कारवाई केल्याचं दिसेल." कोणी फोडला हे विचारायची गरज त्यांनाही नव्हती आणि मलाही.

पथक दुपारी येणार, सिमेंट आवळायला तेवढा तरी वेळ हवा, म्हणून मी पहाटेच निघालो. गवंडी आणि सिमेंट-गिट्टीचा ठेला पुढे गेला होता. वाटेत नगरपरिषदेचं गोदाम लागतं. चौकातल्या कामातून उरलेले पाइपाचे तुकडे आणि झाकणं आत पडून होती, हे मला माहीत होतं. मी गाडी हळू केली. थांबलो नाही. निवृत्ती जवळ आली होती, पेन्शनची फाइल सरकायची होती, आणि अशा वेळी माणूस नवीन काही करत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि गाडी बंद केली. नोकरीत इतकी वर्षं त्या गल्लीत गेलो, पण त्या वेळेला पहिल्यांदाच. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या सुताचा ताणा ताणलेला होता, कमरेच्या उंचीवर, ओला, नुकत्या उजाडलेल्या उजेडात चमकणारा. दोन्ही अंगांनी माणसं कुंचे घेऊन मागे-पुढे सरकत होती. देवाजी, कौसाबाई, आणि त्यांच्या समोर पदर खोचलेली शेवंताबाई. नव्या घरांतल्या आणखी दोन-तीन बाया होत्या, त्यांना कोणी शिकवलं देव जाणे. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कुंच्यांचा सूं सूं आवाज तेवढा येत होता. इतकी सुंदर गोष्ट मी माझ्या हद्दीत दुसरी पाहिली नाही, आणि मी ती बंद करायला आलो होतो.

देवाजीनं मला पाहिलं, ठेला पाहिला. तो काम न थांबवता म्हणाला, "साहेब, आजचा येवढा होऊ द्या. वला ताना सोडला तं सारा जाते."

"होऊ द्या, होऊ द्या," मी म्हणालो. शेवंताबाईनं मला तिच्या पायरीवर बसवलं, बिनदुधाचा चहा दिला. मी तो पीत बसलो आणि आपण किती समजूतदार आहोत, असंही क्षणभर मला वाटलं.

ऊन घरांच्या कौलांवर आलं तसा ताणा गुंडाळून आत गेला. खुंटे निघाले. खाली गड्डे होते, सब्बलीनं, म्हणजे पहारेनं पाडलेले, पण काठ इतके नीट की जणू साच्यातून काढले. मी खिशातून नोटीस काढली. देवाजीनं ती घेतली, चष्मा घरात होता म्हणून शेवंताबाईकडे दिली. ती चौथी शिकलेली. बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागली, "सार्वजनिक रस्त्याचे हे... हेतु..." आणि अडली. "हे काय असते साहेब?"

"हेतुपुरस्सर. म्हणजे मुद्दाम."

"मुद्दामच तं केलं जी," देवाजी म्हणाला. "चुकून येवढे सरळ गड्डे होतेत का?"

कोणी हसलं नाही. गवंड्यानं कालवायला सुरुवात केली. त्याला पाणी कमी पडलं तर देवाजीच घरातून बादली घेऊन आला. माझ्यासमोर तो आपल्या गड्ड्यांना पाणी घालत होता. मी गवंड्याला म्हणालो, सिमेंट जास्त टाक, पथकाला हातोडी मारून पाहायची सवय आहे, निघायला नको. भीतीपोटी मी त्या मालात दुप्पट सिमेंट घालायला लावलं.

निघताना कौसाबाई दारात उभी होती. रागावली नव्हती. एखाद्या पाहुण्याला विचारावं तसं तिनं म्हटलं, "साहेब, तुमी सकारी कधी इकडं आलेच नाई नं? आले असते तं दिसलं असतं."

मी हो म्हणालो आणि गाडीला किक मारली. गाडी चालू होईना. त्या तिघांच्या नजरेसमोर किका मारत राहणं, ही माझ्या आठवणीतली सगळ्यात लांब वेळ आहे.

पथक आलं, हातोडी ठोकली, "काम उत्तम," म्हणालं. हप्ता आला, दोन्ही आळ्यांतल्या नाल्या पूर्ण झाल्या. नोटिशीवर पुढे काही करायचं नव्हतंच, ते दाखवण्यापुरतं होतं, पण देवाजीला ते कोणी सांगितलं नाही. मीही नाही. त्यानं रस्त्याला परत सब्बल लावली नाही. निरोपसमारंभात मला शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात कोणीतरी विणकरांच्या गल्लीचं उदाहरण दिलं, की साहेबांनी उकिरड्याचं नंदनवन केलं. तिथे उकिरडा कधीच नव्हता, हे उठून सांगायला हवं होतं. मी नमस्कार करून खाली बसलो.

आता डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे. पहाटे निघतो आणि पाय बहुतेक वेळा त्याच गल्लीकडे वळतात. त्या वेळी तिथे आता काही नसतं. नळाला पाणी आलेलं असतं, शेवंताबाई सडा घालत असते आणि मला पाहून "चहा घेता का साहेब?" म्हणते. रस्ता मात्र चांगला राहिला नाही. मधोमध लांब तडा गेला आहे, कडेची नाली दोन ठिकाणी खचली आहे.

गेल्या महिन्यात अशाच एका पहाटे देवाजी भेटला. सायकलवरून येत होता. तो वरठीला एका गोदामावर चौकीदारी करतो, रात्रपाळी. पूर्वी ज्या वेळेला तो ताणा बांधायचा, त्या वेळेला आता झोपायला घरी येतो. मला पाहून सायकलवरून उतरला.

माझ्या मनात बरेच दिवस होतं, ते मी बोलून टाकलं. म्हणालो, "देवाजी, आता मला कोणी विचारणारं नाही. आपण दोघं मिळून हे गड्डे परत फोडू. पाइप मी आणतो, झाकणं मी आणतो. काय होईल ते माझ्यावर."

तो थोडा गोंधळला. मग म्हणाला, "आता कायले जी? मागाचा गड्डा बुजवला नं आमी." विणकर ज्यात पाय सोडून मागावर बसतो तो घरातला खड्डा त्यानं मातीनं भरून टाकला होता. "त्यावर खाट टाकली हाये. कौसाचे पाय दुखतेत, तिले खालतं निजाले नाई जमत."

आम्ही दोघं उभे राहिलो. त्यालाच ते अवघड वाटलं असावं, म्हणून माझं मन राखायला तो खाली पाहून म्हणाला, "रोड तं पुरा फुटून राहिला साहेब. नाली बी बसली. पन तुमी भरले ते गड्डे पाहा, अजून हलले नाई. पक्कं काम केलं जी तुमी."

मी पाहिलं. तड्यांनी भरलेल्या त्या रस्त्यात दोन्ही टोकांना ते काळपट गोल ओळीनं बसलेले होते, एकाचाही काठ सुटलेला नव्हता. त्याच्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. त्यानं सायकल हातात धरली आणि झोपायला घरात गेला.